बीजाचे पक्षी

माझ्याकडे कोंबड्या बघायला आलेला माणूस हटकून पुढच्या पिंजऱ्यापाशी थांबतो. तिथे रुपेरी पिसांच्या माद्या असतात. प्रत्येक पिसाला काळी बारीक किनार, आणि गळ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत ती कुठे तुटलेली नाही. मोबाइल बाहेर निघतो, फोटो होतात, भाव विचारला जातो. मागे चिकूच्या सावलीत आणखी काही पिंजरे आहेत. त्यातल्या एका कोंबड्याची छाती जवळजवळ काळीच आहे. किनार इतकी जाड की आतली चांदी शोधावी लागते. त्याच्या शेजारी गडद, मळकट दिसणाऱ्या पट्टेरी माद्या. त्यांचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. "हे कापायचे का?" असं मात्र बरेच जण विचारतात. खरं तर कापायचेच झाले तर पुढचे कापावेत. मागचे असले तर पुढचे पुन्हा होतील. मागचे गेले तर नाही.

घरचा धंदा डायकामाचा. चिंचणी आणि आसपासच्या गावांत घरोघर दागिन्यांचे डाय कोरले जातात, हे सोनारांच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्याला सांगावं लागतं. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पत्रा ठोकून दागिन्याचा आकार उठवायचा. कोरायची ती उलटी. दागिन्यात जिथे उठाव हवा तिथे डायमध्ये खोली, उजवीकडचं पान डावीकडे. तयार डाय हातात घेतला तर नवख्या माणसाला तो विद्रूप लोखंडाचा तुकडा वाटतो. डाय बघून दागिना डोळ्यांसमोर आणता येणं हे आमच्यातलं पहिलं शिक्षण, आणि ते मिळायला वर्षं जातात. कोंबड्या पाळायला लागल्यावर मला ते शिक्षण आयतं कामाला आलं. बीजाचा पक्षी बघताना त्याच्याकडे बघायचंच नसतं, त्याच्या मुली कशा निघतील ते बघायचं असतं.

सुरुवातीचे पक्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून आले. तिथे आणि आता मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीतही या सगळ्याला एकच नाव: फॅन्सी. पायाला पिसं असली, डोक्यावर झुपका असला, रंग वेगळा असला की फॅन्सी. विकणारा त्याला कधी जपानी म्हणतो, कधी अमेरिकन. आईबाप विचारले तर हसतो. दिसायला उत्तम जोडी आणावी आणि तिची पिल्लं गावच्या उकिरड्यावरच्या कोंबड्यांसारखी रंगीबेरंगी निघावीत, हे या छंदात पडलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. बरेच जण तिथेच थांबतात आणि पुढच्या वेळी आणखी महाग जोडी आणतात.

पिसांचा "बरोबर" रंग म्हणजे काय, हे ठरवायचं काम इंग्लंड-अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी झालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४५ साली कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. इंग्लंडमध्ये झुंजींवर कायद्याने बंदी आली तेव्हा झुंजींमागे असलेल्या बऱ्याच शौकीनांनी मोर्चा सौंदर्याकडे वळवला. १८६५ मध्ये तिथे जातींचं पहिलं मानक छापलं गेलं, १८७४ मध्ये अमेरिकेत. त्यानंतर किनार किती रुंद, पट्टा किती सरळ, शेपटीचा कोन किती, पायाचा रंग कोणता, सगळं लेखी झालं. त्या काळात ब्रह्मा नावाच्या पक्ष्याने तिकडे वेड लावलं होतं. नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडलं, पक्षी बहुतांशी चीनच्या बंदरांतून गेलेले, आणि घडवले अमेरिकेत. १८५२ साली एका अमेरिकन व्यापाऱ्याने असे काही पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले आणि भाव आभाळाला भिडले. बाजार कसा उठवायचा हे त्या काळीही लोकांना चांगलं कळत होतं. आज तेच ब्रह्मा आमच्याकडे परत येतात आणि जुलैच्या चिखलात त्यांच्या पायांवरची पिसं अशी काही गोळे होऊन लटकतात की बघवत नाही. मी ते पाळणं सोडलं. डहाणूच्या किनाऱ्यावर पायाला पिसं असलेला पक्षी ठेवणं म्हणजे त्याला चार महिने शिक्षा.

आपल्याकडे मानक नव्हतं असं नाही. ते लेखी नव्हतं. असील या झुंजीच्या जातीचे शौकीन रंगांना स्वतःची नावं ठेवून आहेत. सोनेरी तांबडा तो पीला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नूरी, काळा कागर, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चित्ता. या माणसांना पिसाचा कस एका नजरेत कळतो. १९६० साली प्राण्यांशी क्रूर वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला, त्यात कोंबड्यांच्या झुंजी बेकायदा ठरल्या. चोरून होतात ते सोडा. तमिळनाडूत दिंडीगलच्या बाजूला त्यातूनच सौंदर्याची वाट निघाली आहे. पोपटासारखी चोच आणि पंख्यासारखी शेपटी असलेले असील कोंबडे तिथे प्रदर्शनात मांडले जातात, आणि चांगल्या नराची किंमत ऐकून आमच्या इथला माणूस "शून्य चुकून जास्त लागलं असेल" म्हणेल. महाराष्ट्रात अजून तो डोळा तयार झालेला नाही. इथे कोंबडा कितीही देखणा असो, तिसरा प्रश्न "किलोला कसा?" हाच येतो.

एक गिऱ्हाईक मात्र याला अपवाद. तलासरीकडच्या पाड्यांवरून, कधी डहाणूच्या पूर्वेच्या डोंगराळ गावांतून वारली माणसं येतात. त्यांना नवसाला, देवाच्या कामाला पक्षी हवा असतो आणि रंग ठरलेला असतो. काळा म्हणजे काळाच. मी एकदा एक कोंबडा काढून दिला. अंगभर काळा, पाठीवर हिरवी झाक, माझ्या मते निर्दोष. आलेल्या म्हाताऱ्या बाबांनी तो काखेत धरला, पंख उघडला, पिसं फुंकून बाजूला केली आणि कातडीलगत बुडाशी बघायला लागले. मग मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "हं बघ दादा, पांढरा." एक पीस होतं, नखाएवढं, तेही अर्धं. कोंबडा परत पिंजऱ्यात गेला. मी पुस्तकातून आणि व्हिडिओंतून शिकलो होतो की पीस बुडापर्यंत तपासावं, पण फुंकर मारून तपासायचं त्यांनी दाखवलं. इंग्रजांच्या मानकात अशा पिसाला गुण कमी होतात. बाबांच्या हिशेबात पक्षीच बाद. आणि बाबा कोंबडा मागताना त्याच्या आईबापाचाही रंग विचारत होते. काळ्याच्या पोटी पांढरं पीस कुठून आलं, हा प्रश्न त्यांना पडतो. फॅन्सीवाल्यांना पडत नाही.

तो प्रश्न सोडवायला मी पट्टेरी पक्ष्यांकडे वळलो, कारण तिथे आईबापाचा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसतो. प्लिमथ रॉकसारख्या जातीत काळ्या पिसावर आडवे पांढरे पट्टे असतात. कोंबड्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्याचा जनुक झेडवर बसलेला. मादी आपला झेड मुलग्यांना देते. मुलीला तिच्याकडून डब्ल्यू मिळतो. म्हणजे आई कितीही सुरेख पट्ट्यांची असली तरी मुलीला त्यातला एकही पट्टा आईकडून येत नाही. पट्ट्यांच्या बाबतीत मुलगी पूर्ण बापाच्या वळणावर. काळा कोंबडा आणि पट्टेरी मादी एकत्र केली तर सगळी मुलं पट्टेरी आणि सगळ्या मुली काळ्या निघतात. आमच्या शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कोंबड्यांतसुद्धा आईचं काही नाहीच का?" आहे, बरंच आहे, पण ते दुसऱ्या गुणसूत्रांवर आहे, पट्ट्यात नाही.

खरी गंमत पुढे. नराकडे पट्ट्याचे दोन जनुक येतात, मादीकडे एकच. दोन असले की पांढरा पट्टा रुंद होतो आणि नर फिका दिसतो. एकाच घरातले भाऊ-बहीण, भाऊ फिका, बहीण गडद. मानक मात्र सांगतं की दोघांची छटा जुळली पाहिजे. निसर्गाने दिलेलं अंतर मोडायचं कसं? जुन्या लोकांनी सरळ दोन घराणी वेगळी केली. एका घराण्यातून प्रदर्शनाचे नर काढायचे. त्यासाठी वंश गडद ठेवायचा, मग त्यातल्या मुली इतक्या काळवंडतात की कुणाला दाखवायच्या लायकीच्या नसतात. दुसऱ्या घराण्यातून प्रदर्शनाच्या माद्या. तिथे मुली अचूक, पण त्यांचे भाऊ आणि बाप उन्हात विरलेल्या कापडासारखे. प्रदर्शनात ओळीने उभे केलेले नर आणि मादी जोडपं वाटतात. ती कधीच जोडपं नसतात. त्यांची जोडी लावली तर दोन्ही घराणी एका पिढीत बिघडतात.

हे समजल्यावर मागच्या पिंजऱ्यांची संख्या वाढली. पट्टेरी पक्ष्यांची दोन्ही घराणी ठेवली म्हणजे दर हंगामाला निम्मी पिल्लं "चुकीची" जन्माला येणार हे कबूल करायचं. काळवंडलेल्या माद्यांतून कोणती ठेवायची हे बघताना तिचा रंग बघायचा नाही, पट्ट्याची कड बघायची. कड धारदार आहे का, पट्टा पिसाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जातो की मध्ये वाकतो, पट्टा बुडाच्या लवीपर्यंत उतरलाय का. छटा नंतर जुळवता येते. विस्कटलेली कड पिढ्यान् पिढ्या जात नाही.

आणि रेखीव पट्ट्यासाठी पीस सावकाश वाढावं लागतं. ज्या पिल्लांची पिसं भराभर येतात त्यांचे पट्टे पुसट, फिस्कटलेले. ज्यांची रेंगाळतात त्यांचे जणू पट्टीने आखलेले. म्हणून आठवड्याभराच्या पिल्लांचे पंख उघडून मी उलटी निवड करतो. चटकन पिसं फुटलेली तरतरीत पिल्लं बाजूला, उघडीवाघडी, केविलवाणी दिसणारी पुढे. ब्रॉयलरवाल्याला हे सांगितलं तर तो वेड्यात काढतो, आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. या रेंगाळणाऱ्या पिल्लांना ऊब जास्त दिवस द्यावी लागते. म्हणून आमच्याकडे अंडी बसवायची ती दिवाळीनंतर, फार तर शिवरात्रीपर्यंत. त्यानंतरचं पिल्लू अर्धवट पिसांचं असतानाच पावसात सापडतं आणि खारट, दमट हवेत अंग धरत नाही.

अंडी उबवायला यंत्र आहे, पण माझा भरवसा खुडूक गावठी कोंबडीवर जास्त. वीज जाण्याचा आणि तिचा संबंध नाही. वारली बायका पिल्लांना वाळवी आणून घालतात ते बघून आम्हीही घालायला लागलो; झाडाची ढलपी उचलावी, खाली वाळवी असावी, ती सरळ पिल्लांपुढे झटकावी. पिसं म्हणजे निव्वळ प्रथिनं, आणि पिसं फुटायच्या दिवसांत पिल्लाला नुसत्या कणी-कोंड्यावर ठेवलं तर पीस ठिसूळ येतं, कडेला चिरतं. किनारीचं पीस चिरलं की ते पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत तसंच.

मोठ्यांना मी जवळा घालतो. इथे मांगेल्यांच्या घरांपुढे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील आणि खाली जवळा वाळत असतो. खाण्याजोगा नसलेला चुरा स्वस्तात मिळतो. जवळ्याने पायांना पिवळा रंग भरतो. हे आमच्या आईलाही माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. कारण असं की खाण्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं मोडणारं एक विकर बहुतेक पक्ष्यांच्या कातडीत काम करत असतं. पिवळ्या पायांच्या कोंबडीत त्याचं कातडीतलं काम बंद पडलेलं आहे, म्हणून रंग साठून राहतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की हा पिवळ्या पायांचा जनुक कोंबडीचा मूळ पूर्वज मानल्या गेलेल्या लाल रानकोंबड्याकडून आलेलाच नाही. तो आला राखाडी रानकोंबड्याकडून. राखाडी म्हणजे आपला सह्याद्रीतला. पहाटे जव्हार-मोखाड्याच्या रानात आरवतो तो. जगभरच्या प्रदर्शनांत पिवळ्या पायांचे गुण मोजले जातात, ते पाय मुळात दख्खनच्या जंगलातून गेलेले.

त्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं ज्याने जवळून पाहिली आहेत त्याला किनार-पट्ट्यांचं फार कौतुक करावंसं वाटत नाही. प्रत्येक पिसावर लाखेचे बारीक थेंब टाकावेत तसे पिवळे चकचकीत ठिपके. परदेशात मासे धरायच्या नकली माश्या बांधायला ही पिसं इतकी वापरली गेली की पक्ष्यावर संकट आलं. आता तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि अंडी आणून देतो म्हणणाऱ्याला मी दारातून परत पाठवतो.

जवळा पांढऱ्या पक्ष्यांना मात्र जपून. पांढऱ्या पिसावर पिवळसर झाक चढते, विशेषतः खाण्यात पिवळा मका आणि डोक्यावर ऊन दोन्ही असेल तर. काळ्याचं उलट, ऊन जास्त झालं की हिरवी झाक जाऊन पीस तांबूस होतं. म्हणून सगळे चांगले पक्षी चिकूच्या सावलीत. नवी पिसं येतात ती साधारण पितृपक्षापासून. दिवस लहान व्हायला लागला की जुनी झडतात. अंगण पिसांनी भरतं, पक्षी ओंगळ दिसतात, अंडी बंद, आणि आमच्या घरातल्या माणसांचा या छंदावरचा राग वर्षातल्या टोकाला पोचतो. माझ्यासाठी हाच परीक्षेचा काळ. किनारीच्या जातीत पिल्लाच्या पहिल्या पिसांवरून काहीच सांगता येत नाही. सहा आठवड्यांचं पिल्लू मळकट, भोंगळ दिसतं. सहाव्या महिन्याला जी तलंग डोळ्यांत भरते ती पहिल्या झडीनंतर किनार पातळ होऊन साधी निघू शकते, आणि जिला आपण मनातून बाद केलं ती नव्या पिसांत उजळते. पहिली झड होईपर्यंत मी मादी विकत नाही. विकणं भाग पडलंच तर नर विकतो.

किनारीचा आणखी एक स्वभाव आहे. ती पिढीगणिक पातळ होत जाते. उत्तम नर, उत्तम मादी, त्यातून पुन्हा उत्तम निवडत गेलं तर माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्या पिढीला पिसाच्या टोकाशी किनार तुटायला लागते. तेव्हा तो छाती काळवंडलेला कोंबडा लागतो. त्याच्याकडे शाई जास्त आहे, ती पातळ माद्यांना पुरवायची. मुलग्यांकडे बघायचं नाही, मुलींतून निवडायचं. इंग्लंडच्या सर जॉन सेब्राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनारीचा छोटा पक्षी घडवला. तो अजून त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि त्याचा नरसुद्धा मादीसारख्या पिसांचा असतो. लांब वळणदार शेपटी नाही, मानेवर टोकदार पिसं नाहीत. मानकाला असाच नर हवा. पण या जातीत नर जितका पुरा मादीसारखा तितकी अंडी फुकट जाण्याची तक्रार जुनी आहे, म्हणून जाणते लोक बीजाला थोडी कोंबड्यासारखी शेपटी असलेला, म्हणजे मानकाने नापास केलेला नर ठेवतात. दोनशे वर्षं झाली तरी सर जॉन यांचा पक्षी नापास नरांवरच चालला आहे.

जवळच्या नात्यात जोड्या लावाव्या लागतात, हे लपवण्यासारखं नाही. बाप-लेक, मावशी-भाचा. त्याचे परिणाम अंड्यात दिसतात; बसवलेल्यांतली कमी फुटतात, फुटलेली अशक्त. म्हणून वहीत प्रत्येकाचं घराणं आणि पायात रंगीत कडी. नवं रक्त आणायचं तर ते कुठून आणि किती, यावर माझं आणि इतर शौकीनांचं पटत नाही. मी एखादी सुमार रंगाची पण धडधाकट मादी आणतो आणि रंग परत मिळवायला काही वर्षं घालवतो. ते विजेता नर आणतात.

बीज एका जागी ठेवू नये हे मात्र सगळ्यांनाच मान्य. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात निघाला आणि त्या भागातल्या कोंबड्या लाखांनी मारल्या गेल्या. पोल्ट्रीतल्या आणि परसातल्याही. नवापूर-साक्रीचा पट्टा बसरा या आपल्या देशी जातीचा. पांढऱ्या अंगावर मान, पाठ, शेपटीत काळी पिसं आणि खांद्या-पंखांवर तांबूस, अशी ती असते. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची जात म्हणून नोंद केली आहे, पण तिच्या रंगावर घराणी बांधून काम करणारा मला अजून भेटलेला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आमच्याच जिल्ह्यात, वसई-विरारमध्ये आला. लागण निघाली की ठरावीक परिघातले सगळे पक्षी जातात. त्यात किनार अचूक होती की तुटलेली हे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. तेव्हापासून मागच्या पिंजऱ्यातले निम्मे पक्षी मामांच्या वाडीत, बऱ्याच अंतरावर असतात. मामा त्यांना "तुझी ती कावळी" म्हणतात, पण खाऊपिऊ नीट घालतात.

बाद झालेल्यांचं काय, हेही लोक विचारतात. घरात रस्सा होतो. आमची आई म्हणायची, मसाला चांगला असला की किनार दिसत नाही.

एका पशुपक्षी प्रदर्शनात मी पक्षी मांडले होते. गाई, म्हशी, बोकड आणि एका कोपऱ्यात कोंबड्या. परीक्षकांनी माझी पट्टेरी मादी हातात घेतली, तोलली, वजन विचारलं, अंडी विचारली. बक्षीस शेजारच्या दणकट गिरिराज कोंबड्याला गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. शेतकऱ्याच्या प्रदर्शनात शेतकऱ्याच्या उपयोगाचा पक्षी जिंकावा हे रास्त आहे. पण गर्दी माझ्या पिंजऱ्यापाशी होती, आणि त्या गर्दीत बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक गृहस्थ होते. त्यांना निळा कोंबडा आवडला. निळा म्हणायचं, असतो तो पाटीच्या रंगाचा, प्रत्येक पिसाला जरा गडद कड. त्यांनी जोडी नेली.

वर्षाने फोन आला. आवाजात राग होता. निळ्याच्या निळ्याच मादीला झालेली पिल्लं, त्यातली काही काळी, काही मळक्या पांढऱ्या अंगावर शिंतोडे उडालेली. "तुम्ही शुद्ध म्हणून दिलेत." मी त्यांना घरी बोलावलं आणि पिंजऱ्यांपुढे उभं करून सांगितलं. निळा रंग शुद्ध होतच नाही. काळ्याला तो रंग सौम्य करणारा एक जनुक मिळाला की निळा, दोन मिळाले की शिंतोड्यांचा पांढरा. निळ्याला निळा लावला की सरासरीने चारांत एक काळा, दोन निळे, एक शिंतोड्यांचा. हे शंभर वर्षांहून जुनं गणित आहे. मेंडेलचा नियम प्राण्यांना लागू पडतो हे बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांवरच दाखवलं. सगळी पिल्लं निळी हवी असतील तर एक साधी काळी मादी घ्या आणि तिला हा लावा, म्हणून मी मागच्या पिंजऱ्यातला शिंतोड्यांचा कोंबडा काढला. एक पिल्लू चुकणार नाही.

त्यांनी तो हातात घेतला नाही. पांढऱ्यावर राखेचे डाग, शेपटीत दोन पिसं काळी. किंमत विचारली. मी निळ्याचीच सांगितली.

"याला?"

"यालाच."

ते थोडा वेळ बघत राहिले. मग पुढच्या पिंजऱ्याकडे वळले आणि म्हणाले, आधीच्यापेक्षा चांगला निळा असेल तर एक द्या. होता. दिला.